चाकातील हवा

चिखलाविषयी लिहावे असे शाळेच्या वार्षिकासाठी सहसा कोणाच्या मनात येत नाही. निसर्गवर्णनच करावयाचे तर सूर्योदय आहे, श्रावणातील ऊन-पाऊस आहे. चिखल बिचारा दाराबाहेरच्या पायपुसण्यापाशी थांबतो. पण बेल्जियम या चिमुकल्या देशात हिवाळ्यातील रविवारी हजारो माणसे चिखलातून सायकली हाकणाऱ्यांचे कौतुक करावयास भर थंडीत घराबाहेर पडतात. या शर्यतीला सायक्लोक्रॉस म्हणतात. तिचा जन्म फ्रान्समधला. १९५० साली पॅरिसला तिची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती जाँ रोबिक याने जिंकली. आज मात्र तिचे खरे माहेर बेल्जियम आणि हॉलंड. सुमारे तासाभराची शर्यत, तीनएक किलोमीटरचा फेरा. त्यात गवत, चिखल, वाळू, पायऱ्या सारे काही असते, आणि जेथे चाक चालत नाही तेथे स्वार सायकल खांद्यावर टाकून धावतो.

मोबाइलच्या पडद्यावर रविवारी दिवेलागणीनंतर मी या शर्यती पाहू लागले, त्याला आता तीन हिवाळे झाले. प्रथम माझे लक्ष स्वारांकडे असे. पुढे ते खाली उतरत उतरत टायरवर येऊन स्थिरावले. कारण माझे मामा सायकलदुरुस्तीचे दुकान चालवतात, आणि टायर ही आमच्या घरी जेवताना बोलण्याची गोष्ट आहे.

या शर्यतीत टायरची रुंदी ३३ मिलिमीटरहून अधिक असू नये, असा नियम आहे आणि आरंभरेषेपाशी पंच ती मोजून पाहतात. मामांच्या दुकानातला नेहमीचा २८ × १½ चा टायर याहून रुंद असतो! म्हणजे रुंदीचा आधार काढून घेतला. आता राहिली नक्षी आणि हवा. नक्षीचे मुख्यतः तीन प्रकार. कोरड्या जमिनीला व वाळूला कानशीच्या पात्यासारखी बारीक नक्षी. ओलसर गवताला मध्यम, कडांना थोडे उंच दाते असलेली. आणि खऱ्या चिखलाला उंच, विरळ दाते. विरळ अशासाठी की, चाक फिरता फिरता मधला चिखल झडून जावा. दाते दाट असले की त्यांच्या फटी चिखलाने लिंपल्या जातात आणि टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो.

नक्षी निवडणे त्या मानाने सोपे. खरी परीक्षा हवेची. मामांचे मत असे की, हवा जितकी कडक तितकी सायकल हलकी. अंगठ्याने दाबून टायर दबला नाही म्हणजे त्यांचे समाधान होते. डांबरी रस्त्यावर ते खरेही आहे. पण सायक्लोक्रॉसचे स्वार दर चौरस इंचाला अवघ्या वीस पौंडांच्या आसपास हवा ठेवतात, चिखलात कधी त्याहूनही कमी! मऊ टायर जमिनीवर पसरतो, मुळे-दगड पोटात घेतो. कडक टायर त्यांवरून उसळतो, आणि उसळलेले चाक क्षणभर कशालाच धरून नसते.

गेल्या आषाढात मी हे मामांना दाखवायचे ठरवले. खानापूरकडे जाणाऱ्या आमच्या वाटेवर तांबड्या मातीचा एक चढ आहे. मामांनी स्वतः भरलेल्या हवेवर मागचे चाक जागच्या जागी गरगरले आणि मी पाय टेकला. मग हवा सोडली, आणि त्याच चढावर सायकल कुरकुरत का होईना, माथ्यापर्यंत गेली. मामा छत्रीखाली उभे होते. ते म्हणाले, "चढलीस खरी, पोरी. आता उतारावर दगड लागू दे, मग मला हाक मार."

मामांचे म्हणणे मला खोडता आले नाही. हवा कमी असताना दगड लागला की ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते व तिला सर्पदंशासारखी जोडीने दोन भोके पडतात. अशी ट्यूब मामा न विचारता ओळखतात. म्हणूनच तिकडे ट्यूब सुती कापडाच्या टायरात शिवूनच टाकतात आणि तो टायर रिमला सरसाचे थरावर थर देऊन चिकटवतात. अलीकडे ट्यूब नसलेले टायरही आले आहेत. तरी धोका सरत नाही. २०१७ साली लक्झेंबर्गमधील बीलेस येथे जागतिक स्पर्धेत मातियू व्हान डेर पूल याचे टायर पुन्हा पुन्हा फुटले आणि विजय वाऊट व्हान आर्टला मिळाला. २०२१ साली ओस्टेंडला व्हान आर्टचाच टायर पंक्चर झाला, आणि जिंकला व्हान डेर पूल. एकमेकांच्या तोडीचे दोन वीर. पण दोन्ही वेळा टायरने आपले मत दिलेच. मामांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विजेत्याचे नाव न विचारता, "हवा किती होती?" एवढेच विचारले.

मला सर्वांत आवडते ती कोक्सेडची वाळू. बेल्जियमच्या किनाऱ्यावरील या टेकड्यांवर २०१२ साली जागतिक स्पर्धा झाली. नील्स आल्बर्ट जिंकला, आणि पहिले सातही बेल्जियन होते. या वाळूत हँडल घट्ट धरून चालत नाही. वजन मागे घ्यावयाचे, पाय थांबू द्यावयाचे नाहीत आणि पुढच्या चाकाला आधीच्या चाकांनी पाडलेल्या खाचेतून आपली वाट शोधू द्यावयाची. चाकोरी हा शब्द आपण एरवी नाक मुरडून वापरतो. येथे मात्र जो चाकोरी सोडतो त्याचे चाक रुतते आणि तो खाली उतरून धावू लागतो. अर्थात तीही स्थिर नसते. पुढल्या फेरीला ती अधिक खोल गेलेली असते, कडा ढासळलेल्या असतात, आणि पहाटे चालून पाहून, बोटांनी दाबून ठरवलेली हवा तेव्हाही चाकात तेवढीच असते.