माशाच्या तोंडची अंगठी

परदेशातून परतणाऱ्या माणसाच्या सामानात काय असावे, याविषयी बडोद्यातील जुन्या मराठी घरांत काही संकेत ठरून गेले आहेत. चॉकलेटे असावीत, मुलांसाठी रंगपेट्या असाव्यात, वहिनींसाठी सुगंधी साबण असावेत आणि ज्यांच्यासाठी काहीच आणणे झाले नाही त्यांच्यासाठी तेथील थंडीचे वर्णन असावे. बिअर मात्र असू नये. हा शेवटचा संकेत नुसता कुळाचाराचा नाही, कायद्याचाही आहे. १९४९ साली मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी बडोदे संस्थान त्या प्रांतात विलीन झाले. आमचा जन्म संस्थानातला. म्हणजे आम्ही राजेशाहीतून बाहेर पडलो ते थेट दारूबंदीत. १९६० साली दोन राज्ये झाली तेव्हा तो कायदा दोन्ही भावंडांच्या वाट्याला आला. महाराष्ट्राने तो परवान्यांच्या वाटेने सैल केला, गुजरातने जपून ठेवला.

असे असताना २०१८ च्या सप्टेंबरात आम्ही बेल्जियमहून बिअरच्या सहा बाटल्या घेऊन निघालो, त्याची ही हकीकत.

आमची कन्या तेव्हा ब्रुसेल्सला नोकरीस होती. तिने एके दिवशी आम्हां उभयतांना मोटारीने दक्षिणेकडे, फ्रान्सच्या सीमेलगत असलेल्या ऑर्व्हालच्या मठात नेले. दाट झाडीच्या खोऱ्यात पिवळसर दगडाचा हा मठ उभा आहे. बाराव्या शतकात येथे सिस्टर्शियन पंथाचे साधू आले. १७९३ साली फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी मठ जाळला. पुढे शतकाहून अधिक काळ नुसते भग्नावशेष होते. १९२६ पासून मठ नव्याने बांधावयास घेतला आणि बांधकामास पैसा हवा म्हणून १९३१ साली साधूंनी बिअरचा कारखाना काढला. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणीची पुस्तके छापणाऱ्या आपल्या मंडळींना ही कल्पना सुचली नाही, हे एका अर्थी बरेच झाले.

जुन्या अवशेषांत एक झरा आहे. त्याची दंतकथा अशी की, टस्कनीची मातिल्दा नावाची विधवा काउंटेस येथे आली असता तिची लग्नाची अंगठी पाण्यात पडली. तिने प्रार्थना केली, तेव्हा एक ट्राउट मासा तोंडात अंगठी धरून वर आला. ती आनंदाने म्हणाली की ही तर सोन्याची दरी आहे, त्यावरून ऑर्व्हाल. अंगठीधारी तो मासा आजही मठाचे चिन्ह आहे आणि बिअरच्या प्रत्येक बाटलीवर छापलेला आहे.

येथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. आमचे थोरले बंधू बडोद्यातच राहतात. चौतीस वर्षे त्यांनी शाळेत संस्कृत शिकवले. रावपुऱ्यातील आमचा वडिलोपार्जित वाडा २००७ साली विकला गेला; आम्हांला तो विकणे भाग वाटत होते, दादांना ते पाप वाटत होते. कागदांवर सह्या झाल्या त्या दिवसापासून त्यांनी आमच्याशी बोलणे टाकले. दोन घरांत अंतर रिक्षाने दहा मिनिटांचे, पण अकरा वर्षे आम्ही एकमेकांना लग्नकार्यांत नुसते दुरून पाहत होतो. स्त्रियांनी हा अबोला कधीच पाळला नाही. आमची पत्नी आणि वहिनी यांचे रोज फोनवर बोलणे होई, बेल्जियमहूनही होई.

मठाशेजारच्या उपाहारगृहात बसून पत्नीने नेहमीप्रमाणे फोन लावला. वहिनी कुकरपाशी होत्या, म्हणून दादांनी उचलला. तिने त्यांना माशाची गोष्ट सांगितली. पलीकडे काही क्षण शांतता झाली आणि मग पत्नीने फोन आमच्यापुढे धरला. म्हणाली, "तुम्हांला द्यायला सांगताहेत."

अकरा वर्षांनंतर दादांचे पहिले शब्द होते, "मासा कोणता?"

आम्ही म्हणालो, "ट्राउट."

"आपला रोहित. आणि त्याचे पोट चिरावे लागले होते. या माशाने आपण होऊन आणून दिली म्हणतोस?"

"हो."

"चित्र मिळेल का त्याचे?"

"बाटलीवर आहे, दादा. बिअरच्या."

"मग बाटली आण," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

भारतात परतणाऱ्या प्रवाशास दोन लिटरपर्यंत मद्य जकातीशिवाय आणता येत असे. ऑर्व्हालची बाटली तेहतीस सेंटिलिटरची. सहा बाटल्यांचे एक लिटर अठ्ठ्याण्णव होते. हा हिशेब आम्ही उपाहारगृहातील कागदी रुमालावर दोनदा करून पाहिला. हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरहून मोठे द्रव्य तेव्हा नेता येत नसे, म्हणून बाटल्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेतच ठेवणे प्राप्त होते. त्यांचा आकार मोठा गमतीचा: तळाशी गोल, वर निमुळता होत गेलेला. जुम्मादादा व्यायाम मंदिरात लहानपणी पाहिलेल्या मुद्गलांची आठवण व्हावी असा. अशी वस्तू बॅगेत कोणत्याही बाजूने नीट बसत नाही. कन्येने प्रत्येक बाटली लोकरी मोज्यात घातली, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि साऱ्या बॅगेच्या मधोमध, कडांपासून दूर, चादरीत गुंडाळून ठेवल्या. विमानाच्या सामानकक्षात हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे बाटल्या आपोआप फुटत नाहीत. त्या फुटतात बॅग आपटल्याने, असे तिने समजावले.

मुंबईस बॅग पट्ट्यावरून आली ती दरवळतच आली. एक बाटली फुटली होती, आणि कन्येने बांधलेल्या पिशवीला न जुमानता तिने पत्नीच्या नव्या शालीचा निकाल लावला होता. जकातीच्या अधिकाऱ्याने आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, बॅगेकडे पाहिले आणि किती आहेत म्हणून विचारले. आम्ही म्हणालो, "निघताना सहा होत्या." तो हसला आणि त्याने जाऊ दिले. सत्तराव्या वर्षी अंगाला बिअरचा वास येत असलेल्या अवस्थेत टॅक्सीत बसण्याचा अनुभव आम्ही कोणास सुचवणार नाही.

आम्ही विलेपार्ल्यास ताईकडे उतरलो आणि खरा प्रश्न तेथे उभा राहिला. समुद्रापलीकडून सात हजार किलोमीटर आणलेली वस्तू पुढचे सुमारे चारशे किलोमीटर नेता येत नव्हती. गाडीने घोलवड सोडले आणि उंबरगाव आले की परवान्याशिवाय तीच बाटली गुन्हा ठरते. मेव्हण्यांचे मत पडले की एवढ्याशा बाटल्या कोण पाहतो. पुष्कळजण असेच म्हणतात आणि नेतातही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण वाडा विकल्याचे एक पाप दादांच्या वहीत आमच्या नावे होतेच. त्यांच्या दारात पोलीस नेण्याचे दुसरे आम्हांला नको होते. शिवाय दादांनी आजन्म मद्यास स्पर्श केलेला नाही, त्यांना हवे ते चित्र, अशी आम्ही आमची समजूत घातली. एक बाटली मेव्हण्यांसह रिकामी केली, धुतली, वाळवली, कागदात गुंडाळली. उरलेल्या चार ताईने कपाटात लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवल्या. बाटली रिकामी असूनही घोलवड मागे पडल्यावर आमचे लक्ष सारखे बॅगेकडे जात होते.

दादांच्या घरी पाऊल टाकताना पत्नी पुढे होती. दादांनी बाटली हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून मासा पुष्कळ वेळ पाहिला. मग बाटली उजेडाकडे धरली.

"रिकामी?" त्यांनी विचारले.

आम्ही कायद्याविषयी काही बोलू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवले, वर्गात थांबवीत तसे.

"शाकुंतलातला सहाव्या अंकाचा प्रवेशक आठवतो?" ते म्हणाले. "धीवर चोर नाही असे ठरते, राजा त्याला बक्षीस देतो. तो त्यातले अर्धे शिपायांना देतो. ज्यांनी त्याला बांधून आणले, त्यांनाच. मग नगररक्षक म्हणतो, आता तू माझा मित्र. आणि या मैत्रीला साक्षी म्हणून मंडळी कुठे जातात?"

आम्हांला आठवेना.

"दारूच्या दुकानात. कादंबरी प्यायला." कादंबरी म्हणजे मद्य, हे सांगताना वर्गात मुले हसत, म्हणून त्या जागेवरून आपण त्यांना चौतीस वर्षे घाईने पुढे नेले, असे ते म्हणाले. मग बाटली खिडकीत ठेवली आणि वहिनींना चहा टाकावयास सांगितले. वाड्याचा विषय निघाला नाही. आम्ही अर्धा तास बसून परतलो.

२०१९ च्या फेब्रुवारीत दादा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईस गेले. सोबत कोणी हवे होते. वहिनींना गुडघ्यांमुळे प्रवास नको होता. आम्ही गेलो. डॉक्टरांनी घातलेली पथ्ये संपल्यावर, परतण्याच्या आदल्या संध्याकाळी, दादांनी ताईला बरण्यांमागचे काढावयास सांगितले.

ही बिअर बाटलीतही जिवंत असते. तिच्यात ब्रेटॅनोमायसिस नावाचे रानटी यीस्ट असते, ते महिनोन् महिने उरलीसुरली साखर खात राहते. त्यामुळे ताजी ऑर्व्हाल फुलाफळांच्या वासाची आणि कडवट, तर जुनी अधिक कोरडी, जुन्या चामड्याच्या वासाची लागते. आम्ही सप्टेंबरात प्यायलो ती आणि ही, एकच नव्हत्या. मठात ती देण्यासाठी रुंद तोंडाचे खास पेले असतात. ताईने स्टीलचे काढले. तिने बाटली घाईने ओतली, तेव्हा अर्धा पेला फेसच झाला आणि तळचा गाळही आला.

दादांनी दोन घोट घेतले. "काढ्यासारखी आहे," म्हणाले. तिसरा घेतला. "किराईताच्या." पण पेला खाली ठेवला नाही. ताई कोशिंबिरीचे पाहावयास आत गेली तेव्हा त्यांनी आमच्याकडे न पाहता विचारले, "झोपाळ्याच्या कड्या कुठे गेल्या?"

वाड्याच्या माजघरातला झोपाळा आजोबांनी बसवला होता. त्याच्या पितळी कड्या, हत्ती आणि मोर यांच्या आकृत्यांच्या, बांधकामवाल्याच्या माणसांनी काढल्या तेव्हा आम्ही त्या मोजून घरी आणल्या होत्या. कोणास बोललो नव्हतो. बोलण्याजोगे कोणी उरलेही नव्हते.

"माळ्यावर आहेत," आम्ही म्हणालो. "चारही."

"मला वाटले, भंगारात गेल्या."

"नाही."

दादांनी पेला संपवला. मग दुसरी बाटली आमच्याकडे सरकवीत म्हणाले, "ही तू उघड. ताईला ओतता येत नाही."

बडोद्यास पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. कड्या किती काळवंडल्या आहेत हे त्यांना विचारावयाचे होते, म्हणजे चिंच किती भिजत घालावी ते कळले असते.