घड्याळ आणि नाडी

हृदयविकारातून उठलेल्या माणसाला औषधाइतकाच धीर लागतो, आणि एखादा चुकीचा आकडा तो धीर सहज हिरावून घेतो. गेल्या वर्षी यजमानांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी रोज चालण्यास सांगितले. मात्र त्यांचे वय व औषधे पाहून नाडी मिनिटाला ११० च्या वर जाऊ देऊ नये, असे बजावले. मुलाने नाडी दाखवणारे मनगटी घड्याळ आणून दिले. चालू लागताच त्यावर ११८ हा आकडा झळके आणि यजमान थबकत. धाप नाही, छातीत कळ नाही. तरीही महिनाभरात त्यांचे फिरणे अंगणापुरते उरले.

एके सकाळी ते थांबताक्षणी मी त्यांच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, दोन बोटे टेकवली. १५ सेकंदांत २४ ठोके भरले. म्हणजे मिनिटाला ९६. मग त्यांची पावले मोजली. ती मात्र मिनिटाला ११८ च्या आसपास होती. घड्याळ हृदयाऐवजी पावलांचीच लय मोजत होते!

या घड्याळातून हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो. रक्त तो शोषून घेते, म्हणून परतणारा प्रकाश प्रत्येक ठोक्यागणिक कमीजास्त होतो. पट्टा सैल असला की हाताच्या हेलकाव्यांनी घड्याळ सरकते, बाहेरचा उजेड आत येतो आणि ठोक्यांत पावलांची लय मिसळते. थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तेव्हाही आकडा फसवा येऊ शकतो.

उपाय साधे आहेत. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कोपराच्या दिशेने बांधावे; ते सरकू नये, पण हातही आवळला जाऊ नये. मागची काच घाम व तेल पुसून स्वच्छ ठेवावी. एवढ्यानेही भागले नाही, तर हृदयाचे विद्युत्स्पंद टिपणारा छातीचा पट्टा वापरावा. त्याच्या आतील पट्ट्या बांधण्यापूर्वी पाण्याने ओलसर कराव्यात. आमचे काम पट्टा नीट बांधल्यानेच झाले.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. ठोके अनियमित लागत असतील, तर पूर्ण मिनिटभर मोजावेत आणि डॉक्टरांना सांगावे. छातीत दुखले, धाप लागली वा भोवळ आली, तर घड्याळ काहीही दाखवो, तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

यजमान आता तळ्यापर्यंत जाऊन येतात. घड्याळाचा आणि बोटांनी मोजलेला, असे दोन्ही आकडे ते वहीत शेजारी शेजारी लिहितात. मागील तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी आधी ती वहीच मागून घेतली.