आयी आणि मावशी

प्रवासवर्णन म्हटले की आपल्यासमोर प्रथम स्थळे उभी राहतात. चीनचे नाव काढले की लांबच लांब भिंत, बादशहांचे राजवाडे आणि आकाशाला भिडलेल्या इमारती आठवतात. मी चीनमध्ये एकवीस दिवस राहिलो. परंतु यांपैकी काहीही पाहिले नाही. मी पाहिले ते एका कारखान्याचे दालन, एका घराचे स्वयंपाकघर आणि घरामागून वाहणारा कालवा. तरीही त्या दिवसांविषयी तुमच्याशी बोलावेसे वाटते. कारण तेथे एका बाईने मला काही प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे चीनमध्ये नव्हती, ती बोईसरला होती.

तुमच्यापैकी अनेक जण दिवसभर नोकरी करून रात्री ही पुस्तिका उघडत असतील. मीही असाच शिकलो. मूळचा मी खानदेशातला. नोकरीच्या शोधात पालघरला आलो आणि येथलाच झालो. सकाळी पालघरहून गाडी, मध्ये उमरोळी, मग बोईसर आणि तेथून रिक्षाने औद्योगिक वसाहत, हा माझा नित्याचा मार्ग. तारापूर म्हटले की बाहेरच्या लोकांना 1969 साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आठवते. आम्हां नोकरदारांना मात्र रसायनांचे, औषधांचे आणि कापडाचे कारखाने आठवतात. अशाच एका कारखान्याच्या रंगखात्यात मी काम करतो. कापड रंगवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला आमच्याकडे ‘मास्तर’ म्हणतात. चौदा वर्षे झाली, खात्यातील कोणीही मला नावाने हाक मारलेली नाही.

2018 सालच्या जून महिन्यात मालकांनी चीनमधून एक यंत्र घेण्याचे ठरवले आणि ते चालवायला शिकण्यासाठी मला शाओशिंगला पाठवले. शाओशिंग हे झेजियांग प्रांतातले कालव्यांचे जुने शहर. कापडाचा तेथला व्यापार फार मोठा. उतरण्याची सोय एका घरगुती निवासात होती. घरमालकीण बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते, मला चिनी येत नव्हते. दोघांच्या मध्ये माझा मोबाइल दुभाष्या झाला. मी इंग्रजीत बोलायचे, त्याने चिनीत सांगायचे, आणि उलट.

पहिल्याच संध्याकाळी मी दारात पाऊल ठेवताच बाईंनी काहीतरी विचारले. मोबाइलने अर्थ सांगितला, ‘जेवलास का?’ मी प्रामाणिकपणे, जेवलो नाही, असे सांगितले. त्या गडबडल्या आणि मग हसत सुटल्या. जुन्या पिढीत भेटल्यावर असेच विचारायची रीत आहे, उत्तराची फारशी अपेक्षा नसते, हे मला नंतर कळले. आपल्या खेड्यांतही रस्त्यात भेटलेला माणूस ‘जेवलात का?’ असेच विचारतो. त्या संध्याकाळी मात्र मला खरोखरच भात आणि बांबूच्या कोंबांची भाजी मिळाली. पाणी मागितले तर कढत पाणी पुढे आले. उन्हाळा असूनही त्या घरात कोणी गार पाणी पीत नव्हते.

त्यांना हाक काय मारावी, हा प्रश्न होता. त्यांनी सांगितले, ‘आयी म्हण.’ माझ्या कानांना ते ‘आई’ असे ऐकू आले आणि मी दचकलो. पण ‘आयी’ म्हणजे आई नव्हे. मूळ अर्थ मावशी. आईच्या वयाच्या कोणत्याही परक्या बाईला तेथे ‘आयी’ म्हणतात. घरकामाला किंवा साफसफाईला येणाऱ्या बाईलाही ‘आयी’च म्हणतात. आपण ‘मावशी’ हा शब्द जसा वापरतो, तसाच. कारखान्यातील कसबी कारागिराला ‘शीफू’ म्हणतात. म्हणजे तेथे मी ‘मास्तर’च राहिलो.

भाषेचे विद्यार्थी म्हणून आणखी एक प्रसंग तुम्हांला आवडेल. एकदा मी आयींना माझ्या मावशीविषयी सांगत होतो, कारण लहानपणी काही वर्षे मी तिच्याकडे होतो. मोबाइलला मी इंग्रजीतला ‘आंटी’ हा शब्द दिला. आयी थांबल्या. वडिलांची बहीण की आईची? इंग्रजीकडे याचे उत्तर नव्हते. शेवटी आम्ही कागदावर वंशवृक्ष काढला. आत्या म्हणजे ‘गूमा’, मावशी म्हणजे ‘ईमा’, मामा म्हणजे ‘ज्यूज्यू’. वडिलांचा थोरला भाऊ ‘बोबो’, धाकटा ‘शूशू’. इंग्रजीने ज्या नात्यांची एका शब्दात बोळवण केली होती, ती सगळी मराठीत आणि चिनीत आपापल्या जागी बसली. त्या दिवसापासून महत्त्वाचे बोलणे आम्ही मोबाइलबरोबर कागदावरही करू लागलो.

हळूहळू त्या घराचे जगणे मला दिसू लागले. आयी कापडगिरणीत कामाला होत्या. कामगार स्त्रियांचे निवृत्तीचे वय तेव्हा पन्नास होते. त्याप्रमाणे त्या निवृत्त झाल्या आणि लगेच नातवाला सांभाळण्याची दुसरी नोकरी सुरू झाली, असे त्या म्हणत. मुलगा आणि सून दूरच्या शहरात. एकच मूल, कारण त्यांच्या तरुणपणी दुसऱ्याला परवानगी नव्हती. संध्याकाळी कालव्याकाठच्या मोकळ्या जागेत त्यांच्या वयाच्या बायका ध्वनिक्षेपकावर गाणे लावून रांगेत नाचत. भाजीवालीही मोबाइलवर पैसे घेई.

शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ होते. मी महाराष्ट्रातला, हे नकाशावर दाखवल्यावर त्यांनी ‘के दिहुआ’ असे नाव उच्चारले. ते होते आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले, तेथली भाषा शिकून रुग्णांशी त्यांच्याच बोलीत बोलणारे आणि 1942 साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवणारे. मला कोटणीस ठाऊक होते ते शाळेतल्या धड्यापुरते. त्या गृहस्थांना त्यांच्या चिनी पत्नीचे आणि मुलाचेही नाव ठाऊक होते.

कारखान्यात मला शिकवणारा शीफू दूरच्या प्रांतातला होता. 7 जूनला त्याचे कामात लक्ष लागेना. विचारल्यावर कळले, त्या दिवशी त्याच्या मुलीची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा होती. सर्व देशात त्या दोन दिवसांना असे महत्त्व, की परीक्षाकेंद्राजवळ वाहने भोंगा वाजवत नाहीत. ‘मग तू तिकडे का नाहीस?’ असे मी विचारले. तेथे प्रत्येक कुटुंबाची नोंद त्याच्या मूळ गावी असते आणि शाळा, परीक्षा, सवलती बऱ्याच अंशी त्या नोंदीशी बांधलेल्या असतात. म्हणून बाप शहरात आणि मूल गावी आजी-आजोबांकडे, अशी असंख्य घरे आहेत. तो म्हणाला, ‘तिच्या अठरा वर्षांपैकी मी किती दिवस तिच्याजवळ होतो, हे मोजता येईल.’ बोईसरच्या खोल्यांत आठ-आठ जण मिळून राहणारे ओडिशा-बिहारचे कामगार मला आठवले. त्यांची मुले कोठे शिकतात, हे मी कधी विचारले नव्हते. त्या क्षणी हा विचार आला आणि गेला.

आयींच्या माहेरची गोष्ट मला शेवटच्या आठवड्यात कळली. ‘तुमचे माहेर कोणते?’ या साध्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले, ‘पाण्याखाली.’ मोबाइलची चूक झाली असे मला वाटले. त्यांनी कागद ओढला, एक नदी काढली, तिला आडवी रेघ मारली. झेजियांगमध्ये शिनआन नदीवर मोठे धरण बांधले गेले आणि 1959 साली पाणी अडवले गेले. दोन जुनी शहरे आणि अनेक खेडी बुडाली. सुमारे 2 लाख 90 हजार माणसांना घरे सोडावी लागली. डोंगरांचे माथे तेवढे वर राहिले. आज तेथे हजार बेटांचे सरोवर म्हणून पर्यटक जातात, तेथले पाणी बाटल्यांत भरून देशभर विकले जाते. आयींचा जन्म त्यानंतरच्या वर्षीचा, नव्या गावातला. त्यांच्या आईने मरेपर्यंत त्या सरोवरात नावेतून फेरी मारली नाही. आयी स्वतः त्या पाण्याची बाटली विकत घेत नाहीत. नळाचे पाणी उकळतात.

मला काय बोलावे सुचेना. विषय बदलावा म्हणून मी निघताना देण्यासाठी आणलेली भेट तेव्हाच पुढे केली. पालघरच्या एका दुकानातून घेतलेले ते वारली चित्र होते. गेरूच्या रंगावर पांढऱ्या आकृत्या, मध्ये तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा वळसा. आयींनी चष्मा लावला आणि प्रश्न सुरू केले. हे कोण काढते? बायका की पुरुष? कशासाठी काढतात? पांढरा रंग कशाचा? हे वाद्य कसले असते? तू ऐकले आहेस का?

मित्रहो, मला एकही उत्तर नीट देता आले नाही. तारपा मी फक्त चित्रांत पाहिला होता. ‘ही माणसे तुझ्यापासून लांब राहतात का?’ त्यांनी विचारले. नाही, माझ्याच जिल्ह्यात. आमच्या खात्यात झाडलोट करणाऱ्या बाईही वारलीच आहेत. ‘तिला काय म्हणतोस?’ मी कागदावर बोट ठेवले. वंशवृक्षात जेथे ‘ईमा’ लिहिले होते तेथे. आयींनी माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, ‘आणि तिला कधी विचारले नाहीस?’

परतीच्या आदल्या दिवशी मी लू शुन या लेखकाचे घर पाहायला गेलो. ते शाओशिंगमध्येच जन्मले. 1921 साली त्यांनी लिहिलेली एक कथा तेथली मुले शाळेत वाचतात. ती मला आयींनी सांगितली. निवेदक अनेक वर्षांनी आपल्या जुन्या गावी येतो. लहानपणी ज्याच्याबरोबर खेळला तो शेतमजुराचा मुलगा आता थकलेला बाप झाला आहे. निवेदक आनंदाने पुढे होतो आणि तो जुना मित्र त्याला ‘मालक’ म्हणून हाक मारतो. त्या एका संबोधनाने दोघांमध्ये भिंत उभी राहते. मला वाटले, आमच्या खात्यात तर दोन्ही बाजूंनी संबोधने आहेत. ती मला ‘मास्तर’ म्हणते, मी तिला ‘मावशी’. नात्याचा शब्द उच्चारला की नाते पाळल्याचे समाधान मिळते. चौदा वर्षे मला ते आयते मिळत होते.

बोईसरला परतल्यावर पहिले दोन दिवस मला धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी खात्याबाहेरच्या झाडाखाली डबा सोडत होत्या. मी माझा डबा घेऊन तेथे बसलो. त्यांनी चटकन उठायचा प्रयत्न केला.

‘आज काय झालं, मास्तर?’

मी आयींचे प्रश्न एकेक करून विचारले. मावशींना आधी हसू आले. मग त्या सांगू लागल्या. भिंत शेणाने सारवून गेरूने रंगवायची. तांदूळ भिजवून वाटायचा, तोच पांढरा रंग. बांबूच्या काडीचे टोक ठेचले की कुंचला तयार. लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक काढतात, मध्ये पालघट देवी. धवलेरी गाणी गाते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. दुकानात मिळते ते चित्र निराळे आणि चौक निराळा, हेही त्यांनी मला बजावले.

‘तुमच्या घरी आहे का असा जुना चौक?’ मी विचारले.

‘आमच्या आयेच्या लग्नाचा होता. ती भिंत धामणीच्या पाण्यात गेली.’

सूर्या नदीवर धामणी येथे धरण आहे. मावशी लहान असताना त्यांचा पाडा तेथून उठला. मी डब्याचे झाकण हातात धरून बसून राहिलो. आमच्या औद्योगिक वसाहतीला पाणी येते ते सूर्या नदीचे. चौदा वर्षे मी ते पाणी टाकीत मोजून घेत होतो. किती लिटरला किती रंग लागतो, हे मला तोंडपाठ होते.

त्या रात्री मी आयींना सगळे लिहून पाठवले. सकाळी उत्तर आले, ‘तिची आई तिथे पुन्हा गेली का?’ मी ते मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात पाणी खाली गेले की आई काठावर जाऊन बसायची. मग थोडा विचार करून त्यांनी उलट विचारले, ‘त्या बाईच्या गावचं पाणी उतरतं का कधी? काही दिसतं का?’ आयींनी कळवले, नाही. शहर फार खोल आहे, तटबंदी अजून उभी आहे म्हणतात, पण पाणबुड्यांखेरीज ती कोणी पाहिलेली नाही. मावशींनी ते ऐकून घेतले. म्हणाल्या, ‘मग आमचं बरं म्हणायचं.’

मित्रहो, परदेशी गेलेला माणूस सहज प्रश्न विचारतो, कारण तेथे अडाणी असण्याची त्याला मुभा असते. घरी ती मुभा आपण स्वतःला देत नाही. तुमच्यापैकी कोणाला चीनला जायला मिळेल न मिळेल. पण ज्यांना रोज नात्याच्या शब्दाने हाक मारता आणि ज्यांचे गाव तुम्हांला ठाऊक नाही, असे कोणीतरी तुमच्या कामाच्या ठिकाणी असेलच. प्रवासवर्णन लिहिण्याचा स्वाध्याय कराल तेव्हा तेथूनही सुरुवात करता येते.

आयी आणि मावशी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. त्यांचे निरोप मात्र अजून माझ्याकडून जातात. गेल्या आठवड्यात मावशींच्या पुतणीचे लग्न झाले. सवाशिणींनी काढलेल्या चौकाचे छायाचित्र, मावशींना विचारून, मी शाओशिंगला पाठवले आहे. आयींचे प्रश्न आले आहेत. एकूण नऊ आहेत. उद्या डबा खाताना ते विचारायचे आहेत.