मातीला नांवें ठेवण्यापूर्वीं
छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जातां मोसंबीच्या बागा लागतात. खतपाणी असूनहि सुकत चाललेलीं कांहीं झाडें आम्हीं पाहिलीं. बागवान मातीला नांवें ठेवीत होता. अशा ऱ्हासाचें एक कारण म्हणजे मुळांतील सूक्ष्म सूत्रकृमि. १९१३ सालीं कॉब या शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन केलें. मादीचें पुढील अंग मुळांत रुततें, म्हणून लॅटिन नांवहि ‘अर्धप्रवेशी’ अशाच अर्थाचें. येथील शत्रूला निदान नांव आहे. उष्ण प्रदेशांतील सदाहरित अरण्यांच्या मातींत असंख्य सूत्रकृमि अद्याप अनामिक आहेत. कापडांतील माती कोमट पाण्यास टेकविली, कीं ते खालीं उतरतात. ही बेअरमन यांची १९१७ ची युक्ति. मग अवयव मापून, ज्ञात जातींशीं ताडून नवें नांव ठरतें. पण अरण्यच आधीं तुटलें, तर नांव कोणास द्यावें? मातीला नांवें ठेवणारे पुष्कळ. तिच्यांतील जीवांस नांव देणारे थोडे.