‘रन’चे अर्थ किती?

‘रन’ या इंग्रजी क्रियापदाचे 645 अर्थ आहेत, हा आकडा 2011 पासून वर्तमानपत्रांतून फिरतो आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर यांनी ही नोंद नव्याने लिहिली. त्याआधीच्या, 1989 च्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता. लोकांना यात भाषेची श्रीमंती दिसते. कोशाच्या कामात मुरलेल्या माणसाला मात्र हा आकडा क्रियापदापेक्षा कोशकाराविषयी जास्त सांगतो. हाच शब्द विद्यार्थ्यांसाठीचा कोश काही डझन अर्थांत आटोपतो, आणि तरी तो खोटा ठरत नाही. एक अर्थ कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, याच्या खुणा भाषेत आखून ठेवलेल्या नसतात. कोशकार त्या आखतो. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत अशाच सैल, सर्वसंचारी क्रियापदांबद्दल तक्रार केली आहे, त्यांत ‘रन’ही आहे. (एवढी तक्रार करून ‘टेक’चे 134 अर्थ त्यानेच नोंदवले!)

अर्थ मोजण्यापेक्षा त्यांची नाती लावणं अधिक मोलाचं, असं माझं मत आहे. पण नाती लावतानाही घाई नडते. माणूस पायांनी पळतो हा मूळ अर्थ, आणि नदी, नाक, नळ, यंत्र ही सगळी त्यावरची रूपकं, अशी मांडणी सहज सुचते. पुरावा तिला साथ देत नाही. या क्रियापदाची जुन्या इंग्रजीतली रूपं माणसाइतकीच पाण्यालाही लागत होती. म्हणजे मुळाशी पाय नसून अखंड, विनाअडथळा पुढे सरकत राहणं असावं. तसं धरलं की ‘रस्ता नदीकाठाने रन होतो’ हेही उलगडतं: तिथे हलत काहीच नाही, रेषा मात्र सलग पुढे जाते. यंत्राचंही तेच. चाक एकदा फिरू लागलं की ते ‘रन’ होतं. ते फिरतं ठेवणारा माणूस यंत्र ‘रन’ करतो. आणि हे कर्म एकदा क्रियापदाला चिकटलं की यंत्राच्या जागी हॉटेल, शाळा, अख्खं खातं बसवायला वेळ लागत नाही. अकर्मकाचं सकर्मक होणं, या एका व्याकरणी वळणाने जेवढे अर्थ पाडले, तेवढे एखाद्या कल्पक रूपकाने पाडले नसतील.

यावर आक्षेप असा, की धागा एकच असेल तर अर्थ वेगळे मोजायचेच कशाला? भाषाशास्त्रातही या शंकेला वजन आहे. ॲडम किल्गॅरिफ यांनी 1997 मध्ये सुटे शब्दार्थ असतात यावर आपला विश्वासच नाही, अशा शीर्षकाचा निबंध लिहिला होता. पण इथे मी कोशाच्या बाजूने उभा राहीन. निवडणुकीला अमेरिकन माणूस ‘रन’ करतो, ब्रिटिश ‘स्टँड’. तलम मोज्याची वीण उसवून जी उभी रेघ पडते, तिला अमेरिकेत ‘रन’ आणि ब्रिटनमध्ये ‘लॅडर’, म्हणजे शिडी. मूळ कल्पना दोन्हीकडे ठाऊक असूनही शब्द वेगळे पडले. धाग्यावरून अर्थाचं मागाहून स्पष्टीकरण देता येतं, आधी भाकीत करता येत नाही. आणि ज्याचं भाकीत होत नाही ते नोंदवावंच लागतं. ‘त्याने एक मैल आणि एक हॉटेल रन केलं’ हे वाक्य विनोदी वाटतं, त्याअर्थी बोलणाऱ्याच्या मनातही काही फट असणारच. ही कसोटी सगळीकडे चालत नाही, तरी अशी वाक्यं करून पाहण्यावाचून गत्यंतर नसतं.

इंग्रजी-मराठी कोशात गुंता आणखी वाढतो. पाणी वाहतं, घड्याळ चालतं, रस्ता जातो, दूध संपतं, माणूस निवडणूक लढवतो. मराठी प्रतिशब्द बदलला की नवा क्रमांक द्यायचा, ही आपल्याकडची सोयीची रीत. वाचकाला प्रतिशब्दच हवा असतो, हे खरं. पण त्या भेगा मराठीच्या आहेत, ‘रन’च्या नव्हेत. आपलं ‘चालणे’ तरी काय कमी पसरलं आहे? माणूस, दुकान, खटला, नाणं, सगळं चालतं, आणि होकारालाही ‘चालेल’. म्हणून क्रमांक मूळ शब्दाच्या नात्यांनुसार आणि प्रतिशब्द त्यांच्या पोटात, असा क्रम मी पसंत करतो, जागा जास्त खाल्ली तरी. धुण्यात एका कपड्याचा रंग ‘रन’ होतो, तेव्हा मराठीत तो ‘जातो’, म्हणून त्याला रस्त्याशेजारी बसवायचं नाही. तो पाण्याबरोबर वाहून दुसऱ्या कपड्याला लागतो. त्याची जागा नदी, नळ आणि वाहत्या नाकाच्या पंगतीत. तापाचं मात्र अवघड आहे. इंग्रजीत आजारी माणूस ‘टेम्परेचर रन’ करतो. त्याला यंत्राशेजारी बसवावं की हिशेबातल्या तुटीशेजारी, कारण तूटही इंग्रजीत ‘रन’च केली जाते? मी तुटीशेजारी बसवीन: दोन्ही कुणी मुद्दाम चालवत नाही, अंगावर वागवत राहतो.