नेमके शब्द कोणते?

रात्रपाळी संपवून एक हवालदार थेट माझ्या ऑफिसात आले होते. पिशवीतून शिक्षेचा आदेश काढून त्यांनी टेबलावर ठेवला. एक वार्षिक वेतनवाढ रोखलेली. कसुरी एका ओळीची: ठाणे अंमलदारांशी उद्धट व अर्वाच्य भाषेत बोलून शिस्तीचा भंग केला.

‘‘तुम्ही नेमकं काय बोललात?’’ मी विचारलं.

‘‘वकीलसाहेब, हे मला आजवर कोणी विचारलंच नाही.’’

फाइल पाहिली. तिघांचे जबाब, आणि तिन्हींत तेच वाक्य. ‘अर्वाच्य’ हा शब्द तिन्ही ठिकाणी ‘अर्वाच्च’ असाच लिहिलेला. प्रत्यक्ष बोललेले शब्द मात्र एकाही जबाबात नव्हते. हवालदारांनी ते मला सांगितले: ‘‘साहेब, सलग तिसरा बंदोबस्त आहे, घरी आई आजारी आहे, माणूस म्हणून तरी बघा.’’ आवाज चढला होता, समोर तक्रारदार बसले होते, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं.

पोलिसांची अपिलं लिहिताना मला पटलेली गोष्ट ही आहे. चोरीत मुद्देमाल असतो, गैरहजेरीत हजेरीपट असतो. उद्धटपणाच्या आरोपात पुरावा म्हणजे फक्त शब्द. ते नोंदवलेच नाहीत, तर आरोपाला उत्तर तरी कशाचं द्यायचं?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २५ मध्ये शिक्षा आहेत आणि कलम २७ मध्ये अपिलाचा हक्क. कार्यपद्धती १९५६ च्या शिक्षा व अपिले नियमांत सापडते. किरकोळ शिक्षेला सविस्तर विभागीय चौकशी लागत नाही, पण कारणे दाखवा नोटीस देऊन खुलासा घ्यावाच लागतो. चौकशी झाली असेल, तर तिचा अहवाल शिक्षेपूर्वी कर्मचाऱ्याच्या हाती पडला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या करुणाकर निकालात सांगितलं आहे.

एवढा हक्क असूनही बहुतेक अपील अर्ज विनवणीचे असतात. मुलं लहान आहेत, कर्ज आहे, दया करावी. हे वाचून मला वाईट वाटतं, कारण पुराव्यावर बोलायची खरी जागा खात्यातलं अपील हीच आहे. पुढे मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, पुरावा नव्याने तोलला जात नाही. चौकशी रीतसर झाली का, निष्कर्षाला काही आधार आहे का आणि शिक्षा अवाजवी आहे का, एवढंच तिथे पाहतात. जबाबांतल्या सारख्या चुका पहिल्याच अपिलात दाखवल्या नाहीत, तर पुढे त्यांना वजन येणं कठीण. पोलिसांच्या संघटनांवर १९६६ च्या कायद्याने बंधनं आहेत. त्यामुळे शिपायासाठी अपिलाचा हा कागद फार मोलाचा.

शिक्षेचं मोजमापही शब्दांवरच ठरतं. वरिष्ठांशी असभ्य बोलल्याबद्दल केलेली बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये अवाजवी ठरवली. महाराष्ट्रातल्या एका कारखान्यात पर्यवेक्षकाला घाणेरड्या शिव्या देणाऱ्या कामगाराची बडतर्फी त्याच न्यायालयाने २००५ मध्ये कायम केली. दोन्ही प्रकरणं कामगारांची होती, पण पोलिसांच्या अपिलातही तोच प्रश्न येतो: काय बोलला, कोणत्या प्रसंगी, किती वेळा?

आमच्या हवालदारांची वेतनवाढ अपिलात परत मिळाली, सक्त ताकीद तेवढी राहिली. त्यांनी ती मान्य केली. तक्रारदारांसमोर आवाज चढवायला नको होता, असं तेच म्हणाले.

पुढे एका अधिकाऱ्याचं अपील माझ्याकडे आलं. हाताखालच्या महिला शिपायाला हजेरीच्या वेळी सगळ्यांदेखत अपमानास्पद बोलल्याचा दोष त्यांच्यावर सिद्ध झाला होता. ‘कामाच्या ओघात जरा कडक बोललो,’ असं त्यांचं म्हणणं. त्या मुलीने मात्र त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला होता. तारीख, वेळ, कोण कुठे उभं होतं आणि साहेबांची तीन वाक्यं, जशी उच्चारली तशी. जबाब देणाऱ्यांनी आपापल्या भाषेत सांगितलं होतं, पण ती तीन वाक्यं सगळ्यांच्या जबाबात होती. मी जमेल तेवढं मांडलं. अपील फेटाळलं गेलं आणि ते योग्यच झालं.

नेमक्या शब्दांच्या ज्या कसोटीने हवालदारांना वाचवलं, तिनेच त्या मुलीला न्याय दिला. म्हणून ठाण्यात कुणी कुणाला टाकून बोललं, तर तक्रार करणाऱ्याला आणि आरोप झालेल्याला मी एकच सांगतो: आजच्या आज बसा आणि जे बोललं गेलं तेच लिहा. ‘उद्धट’ होतं की नव्हतं, ते वाचणारा ठरवील.