माझी माचिस कुठे ठेवू?

दुसरीतली एक मुलगी चारचा पाढा एका दमात म्हणते. ‘चार एकम चार, चार दूनी आठ, चार तिया बारह...’ श्वाससुद्धा घेत नाही. मी तिला विचारलं, चार बाकांवर तीन-तीन मुलं बसली, तर सगळी मिळून किती? ती गोंधळली, बोटं मोजू लागली आणि अकरावर थांबली. पाढ्याचा आणि बाकांचा काही संबंध आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझंच होतं.

उर्दूत गुणाकाराला ‘जर्ब’ म्हणतात. जर्ब म्हणजे घावसुद्धा. आमच्या लहानपणी हे दोन्ही अर्थ एकाच तासाला शिकवले जात, छडीसकट.

मी पाढे बाजूला ठेवले. अंडेवाल्याकडून पुठ्ठ्याचे रिकामे ट्रे आणले. एका ट्रेमध्ये 30 खळगे, सहा-सहाच्या पाच ओळी. मुलांनी त्यात चिंचोके भरले. आधी एकेक मोजले, मग कुणीतरी ‘छह, बारह, अठारह’ असं ओळीनं मोजू लागलं. एकानं ट्रे आडवा फिरवला आणि ओरडला, “टीचर, अब पाँच-पाँच की छह लाइनां!” चिंचोके मात्र तेवढेच. आम्ही बीएडला हा नियम नाव-गावासकट पाठ केला होता. तो असा हातात फिरवून कधी पाहिला नव्हता.

जुम्याला अब्बांबरोबर मशिदीत जाणारा एक जण म्हणाला, ही तर नमाजाची सफ. मी लगेच विचारलं, आठ-आठ जणांच्या चार सफा असतील तर माणसं किती? तो म्हणाला, “आखिरी सफ कभी पूरी नहीं भरती, टीचर.” मग आम्ही तीन सफा भरलेल्या आणि शेवटच्या सफेत पाच जण धरले. आठ त्रिक चोवीस आणि पाच, एकोणतीस. हे मी त्या दिवशी शिकवणार नव्हते.

पुढच्या आठवड्यात चित्रालेख घेतला. प्रत्येकाला एक रिकामी काडेपेटी दिली. सकाळी जे खाल्लं असेल, त्या खडूच्या चौकोनावर ती रचायची. चौकोन मुलांनीच आखले, आणि पहिला चौकोन उजवीकडे. उर्दू लिहिणारे हात, दुसरं काय करणार! चौकोन चार: चहा-बटर, रोटी-भाजी, पोहे, बिस्किटं.

वर्गात मुलं 27. मनोरे छान चढत होते. 26 काडेपेट्या रचून झाल्या, तरी एक मुलगा हातात काडेपेटी घेऊन उभाच.

“टीचर, मेरी माचिस किधर रखूं?”

त्यानं काही खाल्लंच नव्हतं. चौकोनांची नावं मी आदल्या रात्री घरी बसून ठरवली होती, चहा पीत. पाचवा चौकोन माझ्या डोक्यातच आला नव्हता. काय बोलावं ते सुचेना. मी खडू घेतला, आणखी एक चौकोन आखला आणि लिहिलं, ‘कुछ नहीं’. त्यानं काडेपेटी ठेवली. मग दोन मुली उठल्या. चहा-बटरच्या मनोऱ्यावरून त्यांनी आपापल्या काडेपेट्या काढल्या आणि न बोलता त्याच्या पेटीवर ठेवल्या. कुणी हसलं नाही.

आता हे कागदावर उतरवायचं होतं. एक चित्र म्हणजे दोन मुलं, असं ठरवलं. इथे चिंचोके कामी आले. रोटीच्या तीन चित्रांची सहा मुलं त्यांनी झटकन सांगितली. चहावाले नऊ, म्हणजे साडेचार कप. अर्धा कप म्हणजे आधा बच्चा का, यावर मात्र वर्ग खूप हसला. ‘कुछ नहीं’साठी काय काढायचं, ते मी त्या मुलालाच विचारलं. त्यानं एक रिकामी ताटली काढली आणि शेजारी अर्धी.

तक्ते भिंतीवर लावायची आमच्याकडे रीत आहे. हा मी लावला नाही, कपाटात ठेवला. खिचडी दुपारी येते, शाळा सकाळी भरते. आता माझ्या पर्समध्ये बिस्किटांचे दोन पुडे असतात. पहिल्या तासाला ते मोजायला काढायचे, तीन-तीनचे गट करून, आणि मोजून झाले की खायचे. सगळ्यांनीच.